हैदराबादचा घोटाळा, न्यूयॉर्कची भरपाई

7 जानेवारी 2009 रोजी सकाळी हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कंपनीचे हिशेब खोटे असल्याची कबुली दिली. ताळेबंदात दाखविलेली 5,040 कोटी रुपयांची रोकड व बँकशिल्लक अस्तित्वातच नव्हती. 376 कोटींचे व्याज कागदावरचे होते. 1,230 कोटींचे देणे लपविलेले होते आणि 490 कोटींचे येणे फुगविलेले होते. ही गोळाबेरीज 7,136 कोटी रुपयांची. त्या एका दिवसात सत्यमचा शेअर मुंबईच्या बाजारात सुमारे 78 टक्क्यांनी कोसळला आणि लाखो गुंतवणूकदारांची पुंजी डोळ्यांदेखत नाहीशी झाली.

त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्हा संघीय न्यायालयात सत्यमविरुद्ध पहिले दिवाणी दावे दाखल झाले. कंपनी हैदराबादची, संचालक हैदराबादचे, खोटी बिले तयार झाली तीही हैदराबादेत. तरीही नुकसानभरपाईचा दावा सर्वांत आधी उभा राहिला तो अमेरिकेत, आणि सामान्य गुंतवणूकदारांच्या समूहाला भरपाई मिळाली तीही तेथेच. भारतात राहून भारतीय बाजारात शेअर घेतलेल्यांना त्या पैशातला छदामही मिळाला नाही.

या तफावतीचे खापर बहुधा भारतीय न्यायालयांच्या दिरंगाईवर फोडले जाते. ते निदान अपुरे आहे. दिरंगाई हा दावा दाखल झाल्यानंतरचा आजार आहे. सत्यमच्या प्रकरणात भारतीय भागधारक तेथवर पोहोचलेच नाहीत. दावा कोणी, कोठे, किती शुल्क भरून आणि कोणाच्या वतीने दाखल करावा, या प्राथमिक नियमांपाशीच त्यांची वाट अडली. प्रक्रियेचे नियम हा वकिलांचा विषय मानून सामान्य वाचक त्यांच्याकडे दुर्लक्ष करतो. प्रत्यक्षात हक्क कागदावर राहणार की हातात पडणार, हे तेच नियम ठरवितात.

न्यूयॉर्कमध्ये दावा कसा उभा राहतो?

अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत दिवाणी दावे 1938 साली अमलात आलेल्या संघीय दिवाणी प्रक्रिया नियमांनुसार चालतात. त्यातला तिसरा नियम एका वाक्याचा आहे. न्यायालयात वादपत्र दाखल झाले की दावा सुरू झाला, एवढेच तो सांगतो. वादपत्रात काय असावे, हे आठवा नियम सांगतो: न्यायालयाला अधिकारक्षेत्र कोणत्या आधारे आहे, वादीचा हक्क कोणता याचे थोडक्यात व सरळ कथन आणि मागणी काय आहे. वकिलाने त्यावर सही करायची, आणि त्या सहीचा अर्थ वाजवी चौकशी करूनच दावा आणला आहे असा होतो. निराधार दावा आणल्यास अकराव्या नियमाखाली दंडात्मक कारवाई होऊ शकते.

कोणताही वाद मात्र संघीय न्यायालयात नेता येत नाही. एक तर तो संघीय कायद्याखालचा असावा लागतो, नाही तर दोन्ही पक्ष वेगवेगळ्या राज्यांचे वा देशांचे असून वादाची रक्कम 75 हजार डॉलरांहून अधिक असावी लागते. रोख्यांमधील फसवणूक हा संघीय कायद्याचाच विषय असल्याने सत्यमच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवला नाही.

शुल्काची बाबही लक्षात घेण्याजोगी आहे. 2009 साली संघीय न्यायालयात दिवाणी दावा दाखल करण्याचे शुल्क 350 डॉलर होते; आज ते प्रशासकीय आकारासह 405 डॉलर आहे. मागणी हजार डॉलरची असो की शंभर कोटी डॉलरची, शुल्क तेच राहते.

याहून महत्त्वाचा आहे तेविसावा नियम. त्यानुसार एक किंवा काही वादी, त्यांच्यासारखेच नुकसान झालेल्या सर्वांच्या वतीने दावा चालवू शकतात. न्यायालयाने समूहाला मान्यता दिली की, स्वतःहून बाहेर पडणारे सोडून सर्वजण त्यात आपोआप येतात. भरपाई ठरल्यावर प्रत्येकाने आपला अर्ज भरून वाटा घ्यायचा. रोख्यांच्या दाव्यांसाठी 1995 च्या कायद्याने आणखी एक शिस्त घालून दिली. पहिला दावा दाखल करणाऱ्याने 20 दिवसांत जाहीर सूचना प्रसिद्ध करायची. त्यानंतर 60 दिवसांत समूहातील कोणीही प्रमुख वादी होण्यासाठी अर्ज करू शकतो. आणि साधारणपणे ज्याचे आर्थिक हितसंबंध सर्वांत मोठे, त्याची निवड न्यायालय करते.

सत्यमच्या दाव्यांत असेच घडले. विखुरलेले दावे न्यूयॉर्कमध्ये एकत्र करण्यात आले. प्रमुख वादी म्हणून मिसिसिपी राज्यातील सार्वजनिक कर्मचाऱ्यांचा निवृत्तिवेतन निधी, ब्रिटनमधील खाणकामगारांची निवृत्तिवेतन योजना आणि नॉर्वे व डेन्मार्कमधील वित्तसंस्था पुढे आल्या. 2011 साली तडजोड झाली. महिंद्रा सत्यम या नव्या नावाने चालणाऱ्या कंपनीने 12 कोटी 50 लाख डॉलर आणि हिशेबतपासनीस प्राइसवॉटरहाउसकूपर्सच्या संस्थांनी 2 कोटी 55 लाख डॉलर देण्याचे मान्य केले. तेव्हाच्या दराने ही रक्कम पावणेसातशे कोटी रुपयांच्या घरात जाते. राजू यांच्या कबुलीपासून तडजोडीपर्यंत तीन वर्षेही लागली नाहीत.

हैदराबादेत वाट कोठे अडली?

भारतात दिवाणी दावा 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 26 अन्वये वादपत्र सादर करून सुरू होतो. गोव्यात हीच संहिता 1966 सालापासून लागू आहे; त्याआधी पोर्तुगीज प्रक्रिया संहिता चालत असे. वरवर पाहता भारतीय व अमेरिकी पद्धतींत फारसा फरक दिसत नाही. येथेही वादपत्रात अधिकारक्षेत्र, दाव्याचे कारण व मागणी नमूद करावी लागते. फरक आहे तो या तीन गोष्टींना चिकटून येणाऱ्या अटींत.

पहिली अट शुल्काची. भरपाईच्या दाव्यात न्यायालयीन शुल्क साधारणपणे दाव्याच्या रकमेच्या प्रमाणात आकारले जाते. न्यायालयीन शुल्क हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय असल्याने दर राज्यागणिक बदलतात. परंतु जितके नुकसान मोठे तितके प्रवेशमूल्य मोठे, हे सूत्र बहुतेक ठिकाणी आढळते. शुल्क कमी भरले आणि न्यायालयाने दिलेल्या मुदतीत तूट भरून काढली नाही, तर संहितेच्या सातव्या आदेशातील अकराव्या नियमाखाली वादपत्रच फेटाळले जाते. ज्याची पुंजी बुडाली आहे, त्यानेच आधी पुन्हा मोठी रक्कम भरायची, असा हा उफराटा न्याय आहे.

दुसरी अट समूहाची. संहितेच्या पहिल्या आदेशातील आठव्या नियमात समान हितसंबंध असलेल्या अनेकांच्या वतीने दावा आणण्याची सोय आहे. मात्र त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते आणि सर्व संबंधितांना वादीच्या खर्चाने सूचना द्यावी लागते. संख्या मोठी असेल तर जाहिरात देता येते. तिचा खर्चही वादीचाच. गावातील देवस्थानाचा वा सामाईक वाटेचा वाद या नियमाखाली सुखेनैव चालतो. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या भावाने शेअर घेतलेल्या लाखो लोकांची भरपाई काढण्याची यंत्रणा मात्र त्यात नाही.

तिसरी अडचण अधिकारक्षेत्राची. कंपनी कायदा आणि सेबी कायदा यांनी आपापल्या क्षेत्रातील अनेक बाबी विशेष यंत्रणांकडे सोपवून त्या बाबतींत दिवाणी न्यायालयांचे हात बांधले आहेत. त्यामुळे शेअर बाजारातील फसवणुकीसाठी कोणी दिवाणी न्यायालयात गेलाच, तर प्रतिवादीचा पहिला बचाव ठरलेला असतो: हे न्यायालय या वादासाठी नाही.

या तिन्ही अटींचा एकत्रित परिणाम 2009 मध्ये दिसला. गुंतवणूकदारांच्या एका संघटनेने सत्यमच्या सुमारे तीन लाख भागधारकांसाठी जवळपास 5 हजार कोटी रुपयांची भरपाई मागितली. हा दावा तिने राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे नेला, यातच सारे आले. आयोगाने त्यास दाद दिली नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करण्यास नकार दिला. भरपाई देय आहे की नाही, या प्रश्नाची तड लागलीच नाही. कोणता दरवाजा ठोठवायचा, यातच दावा संपला.

फौजदारी व नियामक बाजूने यंत्रणा हलल्या, हे नाकारता येत नाही. हैदराबादच्या विशेष न्यायालयाने एप्रिल 2015 मध्ये राजू यांच्यासह दहा जणांना दोषी ठरवून सात वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. पुढे अपिलात शिक्षा स्थगित होऊन त्यांना जामीन मिळाला. त्याआधी जुलै 2014 मध्ये सेबीने राजू व इतर चौघांवर 14 वर्षांची बाजारबंदी घालून 1,849 कोटी रुपये व्याजासह वसूल करण्याचा आदेश दिला, आणि त्या रकमेवरून अपिलात वाद चालू राहिला. परंतु शिक्षा आणि वसुली एका बाजूला, तर नुकसान झालेल्याच्या हातात पडणारी भरपाई दुसऱ्या बाजूला. आरोपी तुरुंगात गेल्याने बुडालेली ठेव परत येत नाही.

ज्याचे बुडाले त्यानेच भरले

भारतीय भागधारकांना न्यूयॉर्कला जाता आले नसते काय? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2010 मध्ये नॅशनल ऑस्ट्रेलिया बँकेच्या प्रकरणात दिलेल्या निकालाने तो मार्ग बंद झाला. रोख्यांमधील फसवणुकीचा अमेरिकी कायदा अमेरिकी बाजारांत नोंदलेल्या रोख्यांच्या व्यवहारांना आणि अमेरिकेत झालेल्या इतर खरेदीविक्रीलाच लागू होतो, असे त्या निकालाने ठरविले. न्यूयॉर्कच्या बाजारात सत्यमच्या डिपॉझिटरी रिसीट घेणारे आत आले. पणजी, म्हापसा वा हैदराबादेत बसून मुंबईच्या बाजारातून शेअर घेणारे बाहेर राहिले. दोघांनी एकाच कंपनीवर, त्याच खोट्या ताळेबंदावर विश्वास ठेवला होता.

यातील सर्वांत बोचरी गोष्ट क्वचितच बोलली जाते. न्यूयॉर्कच्या तडजोडीतील 12 कोटी 50 लाख डॉलर घोटाळा करणाऱ्यांच्या खिशातून आले नाहीत, ते कंपनीच्या तिजोरीतून गेले. कंपनीचे मालक म्हणजे तिचे भागधारक, आणि त्यांत घोटाळ्यानंतरही शेअर न विकता थांबलेले सामान्य भारतीय गुंतवणूकदार होते. म्हणजे ज्यांना स्वतःची भरपाई मागण्यासाठी दार नव्हते, त्यांनीच दुसऱ्यांच्या भरपाईचा भार अंशतः उचलला. एका देशात दावा सुलभ आणि दुसऱ्या देशात दुर्घट असला, की नुकसानीचा भार असा दार नसलेल्यांकडे सरकतो.

समन्सचा प्रवास

दावा दाखल होणे ही पहिली पायरी, तर प्रतिवादीला समन्स पोहोचणे ही दुसरी. अमेरिकेत दाखल झालेल्या दाव्याचे समन्स भारतातील व्यक्तीला थेट टपालाने धाडून चालत नाही. 1965 च्या हेग करारात भारत सामील झाला असून 1 ऑगस्ट 2007 पासून तो भारतासाठी अमलात आला आहे. भारताने टपालाद्वारे समन्स बजावण्यास हरकत नोंदविली आहे. त्यामुळे असे समन्स केंद्रीय विधी मंत्रालयाकडे येते आणि तेथून संबंधित जिल्हा न्यायालयामार्फत बजावले जाते. देशांतर्गत प्रतिवादीसाठी संघीय नियमांत समन्स बजावण्याची मुदत 90 दिवसांची आहे. परदेशात समन्स बजावायचे असेल तर ती लागू होत नाही, कारण हा प्रवास किती काळ चालेल हे वादीच्या हाती नसते.

हा प्रश्न जुना झालेला नाही. अमेरिकी रोखे आयोगाने नोव्हेंबर 2024 मध्ये गौतम अदानी व सागर अदानी यांच्याविरुद्ध न्यूयॉर्कच्या पूर्व जिल्हा न्यायालयात दिवाणी दावा दाखल केला. फेब्रुवारी 2025 मध्ये आयोगाने न्यायालयाला कळविले, की समन्स बजावण्यासाठी हेग कराराखाली भारताच्या विधी मंत्रालयाचे साहाय्य मागितले आहे. अदानी समूहाने तेव्हा आरोप फेटाळले. येथे मुद्दा एवढाच, की अमेरिकेच्या सरकारी आयोगालाही पहिल्या पायरीवरचा हा नियम टाळता येत नाही.

हैदराबादचाच आणखी एक दाखला आहे. डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीज या औषध कंपनीच्या डिपॉझिटरी रिसीट न्यूयॉर्कमध्ये नोंदलेल्या आहेत. 2017 मध्ये तिच्याविरुद्ध न्यू जर्सीच्या संघीय न्यायालयात समूहदावा आला आणि 2020 मध्ये कोणतीही चूक मान्य न करता कंपनीने 90 लाख डॉलरवर तडजोड केली. येथे सत्यमसारखी कबुली नव्हती. तरी अमेरिकी गुंतवणूकदाराला प्रश्न विचारण्याची आणि कंपनीला उत्तर देण्याची जागा उपलब्ध होती.

अमेरिकी पद्धतीचे गुणगान करण्याचे मात्र कारण नाही. तेथे वकील खर्च स्वतः करतो आणि भरपाईतून टक्केवारी घेतो. त्यामुळे शेअर घसरला की दावा, अशी शर्यत लागते. 1995 चा कायदा आला तो याच शर्यतीला लगाम घालण्यासाठी. फसवणुकीचा आरोप करताना मोघम विधाने चालत नाहीत. तपशील द्यावा लागतो, हा नववा नियम दावेदारांची कसोटी पाहतो. सत्यमच्याच प्रकरणात 2013 मध्ये न्यायाधीश बार्बरा जोन्स यांनी हिशेबतपासणी समितीवरील स्वतंत्र संचालकांविरुद्धचे दावे फेटाळले. त्या संचालकांना घोटाळा ठाऊक होता असे वादपत्रातील तथ्यांवरून दिसत नाही, उलट तेही फसविले गेले असावेत, असा त्या निर्णयाचा आशय होता. दार उघडे असले तरी आत चाळणी आहे. भारतात चाळणीच दाराला ठोकलेली आहे.

नवे कलम, जुनी अडचण

सत्यमच्या अनुभवातून भारताने काहीच घेतले नाही, असेही म्हणता येणार नाही. 2013 च्या कंपनी कायद्यातील कलम 245 ने भागधारक व ठेवीदार यांना समूहाने राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे जाण्याचा हक्क दिला. कंपनी, तिचे संचालक, हिशेबतपासनीस व सल्लागार या सर्वांविरुद्ध भरपाई मागता येते. हे कलम जून 2016 पासून अमलात आले. पात्रतेचा उंबरठा 2019 च्या नियमांनी ठरविला: एकूण सभासदांपैकी 5 टक्के किंवा 100 सभासद यांपैकी जी संख्या कमी असेल ती, अथवा नोंदणीकृत कंपनीत 2 टक्के भागभांडवल धारण करणारे. समूहदाव्याचा कायदेशीर खर्च गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीतून परत मिळण्याची तरतूदही कायद्यात आहे.

तरीही या कलमाखालील दावे विरळा आहेत. त्याची कारणे शोधायला दूर जावे लागत नाही. शंभर सभासद जमविणे शहरातील मोठ्या गुंतवणूकदाराला अवघड नाही. परंतु म्हापशातील निवृत्त शिक्षकाने त्याच कंपनीचे आणखी 99 भागधारक कोठून शोधायचे? कंपनीची नोंदणीकृत कचेरी हैदराबादेत असेल तर अर्ज हैदराबादच्या खंडपीठापुढे न्यावा लागतो. भरपाईच्या टक्केवारीवर काम करण्यास भारतीय वकिलाला बार कौन्सिलच्या नियमांची मनाई आहे. ती मनाई व्यवसायाच्या प्रतिष्ठेसाठी असेल, पण तिचा परिणाम असा की दावा उभा करण्याचा खर्च पहिल्या दिवसापासून ज्याचे नुकसान झाले त्यानेच करायचा. निधीतून परतफेड होणार ती नंतर. शिवाय बँकांना हे कलम लागूच नाही.

उपाय मोठ्या कायदेबदलावाचून होण्यासारखे आहेत. पहिला अर्ज दाखल झाल्यावर अमेरिकेप्रमाणे ठराविक दिवसांत जाहीर सूचना काढून इतर सभासदांना सामील होण्याची मुदत दिली, तर शंभरांची अट दाव्याच्या आधी नव्हे, त्यानंतर पूर्ण करता येईल. कंपन्यांकडे सभासदांचे ई-मेल पत्ते असतात. सूचना पाठविण्याचा खर्च क्षुल्लक आहे. मान्यताप्राप्त गुंतवणूकदार संघटनांना संरक्षण निधीतून खर्च आगाऊ देता येईल. म्युच्युअल फंड आणि निवृत्तिवेतन निधी यांनी प्रमुख वादी म्हणून पुढे येण्याची अपेक्षा सेबी ठेवू शकते. मिसिसिपीच्या कर्मचाऱ्यांचा निधी हैदराबादच्या कंपनीविरुद्ध न्यायालयात उभा राहतो, मग भारतीय कर्मचाऱ्यांचा पैसा गुंतविणाऱ्या संस्थांनी तटस्थ का राहावे?

गोव्यासारख्या लहान राज्यात हा विषय दूरचा वाटण्याची शक्यता आहे. परंतु शेअर व म्युच्युअल फंडांत पैसे ठेवणारी कुटुंबे आता गावोगावी आहेत आणि त्यांच्या कंपन्या हैदराबाद, मुंबई, बंगळूर अशा दूरच्या शहरांत आहेत. अशा कंपनीत उद्या काही बिघडले तर पहिला प्रश्न दोषी कोण, हा नसेल. दावा कोठे दाखल करायचा, हा असेल. 2009 मध्ये सत्यमच्या भारतीय भागधारकांना त्याचे उत्तर मिळाले नाही. आज उत्तर कायद्यात आहे, पण ते गाठण्याची पायवाट अजून तेवढीच चढणीची आहे. दुसऱ्या सत्यमची वाट न पाहता ती सुकर करणे, एवढे तरी शासनाला व सेबीला करता येण्याजोगे आहे.